दुसरी मंजुरी

इचलकरंजीची नर्स रेवती चौगुले हिने कृत्रिम हृदयाच्या संगणकप्रणालीसाठी पाठवलेली दुरुस्ती परीक्षक प्रभंजन टेंब्यांनी तिसऱ्यांदा फेटाळली. जिना चढताना कृत्रिम हृदय अडखळतं, तिच्या वॉर्डातले दोघे जिन्यातच कोसळले, असं तिने लिहिलं होतं. टेंब्यांनी पुढे वाचलंच नाही. कोडच्या ओळींच्या सुरुवातीला मोकळी जागा नियमाप्रमाणे सोडलेली नव्हती, तेवढं त्यांना पुरे होतं.

“आधी नियम वाचा, मग हृदयाला हात लावा,” त्यांनी उत्तर टाकलं.

या हृदयांची प्रणाली सगळ्यांना खुली होती, कुणीही सुधारणा पाठवावी. पण पाठवणारे टेंब्यांच्या लेखी सगळे हौशे-नवशे. सोबतच्या परीक्षकांचीही त्यांनी येता-जाता अक्कल काढली, तेव्हा तेही एकेक करून निघून गेले. बरं झालं, कटकट गेली, असं टेंब्यांना वाटलं.

त्या आठवड्यात सोसायटीची लिफ्ट बंद पडली आणि तिसऱ्या मजल्यावर टेंब्यांच्या स्वतःच्या छातीतलं यंत्र अडखळलं. घरात शिरून धापा टाकत त्यांनी रेवतीची दुरुस्ती उघडली. चारच ओळी, पण अचूक. त्यांनी निमूटपणे ‘मंजूर’ दाबलं.

‘दुसऱ्या परीक्षकाची मंजुरी आवश्यक,’ पडद्यावर उमटलं. त्याशिवाय कुठलंच हृदय बदल स्वीकारत नसे. परीक्षकांच्या यादीत आता एकच नाव उरलं होतं, त्यांचं.

त्यांनी रेवतीला फोन लावला. “चौगुलेबाई, तुम्ही परीक्षक व्हाल का? आत्ताच्या आत्ता?”

“होईन की,” ती म्हणाली. “पण नवा परीक्षक नेमायलाही दोन मंजुऱ्या लागतात, सर. नियम वाचलेत मी.”