वाया जाऊ नये म्हणून

कामासाठी पुण्याहून डिंभ्याला आलेल्या ऋषीने धरणाच्या पाण्याचे नमुने बर्फात ठेवले, जलाशय डोळे भरून पाहिला आणि हिराबाईंच्या खानावळीत तळलेला मासा मागवला. ताट पुढ्यात आलं आणि समोर मंचरची शेवटची एसटी येऊन थांबली. ही चुकली तर नमुने वाया! पैसे ठेवून तो धावत सुटला.

"आवो पावणं, दोन घास तरी खावा!" हिराबाई मागून ओरडल्या.

रिकाम्या गाडीत तो उपाशीपोटी घड्याळ बघत बसला. चाळीस मिनिटांनी ड्रायव्हर मिशा पुसत चढला.

"किती हा उशीर?" ऋषी करवादला.

"काय करनार, भाऊ? कुनी येडं भरलं ताट सोडून पळालं, ते हिराबाईनं मला वाढलं. माशाचं काटं काढायला येळ लागतोच की, राव!"