चोरखिसा

जव्हारचे डीवायएसपी देशमाने बढती मिळून बांगलादेश सीमेवर मोठे अधिकारी म्हणून निघाले, तेव्हा नवी वर्दी लतीफ टेलरनेच शिवली. पेनासाठी आतून चोरखिसा लावला तो लतीफच्या मुलाने, नवेदने.

“लतीफभाई, हा खिसा तुम्हा बापलेकांनाच ठाऊक. पेन गेलं तर तुम्हालाच आत टाकीन!” साहेब हसले.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईत शिलाईकामाला गेलेला नवेद धरपकडीत सापडला. बांगलादेशी ठरवून त्याला सीमेवर नेलं. समोर देशमाने साहेब.

“साहेब, मी नवेद! जव्हारच्या लतीफ टेलरचा! तुमच्या वर्दीला आतून चोरखिसा आहे, मीच लावलाय!”

साहेबांनी वर्दीत हात घातला. खिसा होता.



त्यातलं पेन काढून त्यांनी नवेदला सीमेपलीकडे धाडायच्या कागदावर सही केली.