एकटी बाई

सफूराचा नवरा अमीन वारला आणि वर्ष उलटायच्या आत ओमानमधल्या बौशर भागातल्या घरमालकानं तिला घर रिकामं करायला सांगितलं. “मालक एकट्या बाईला ठेवत नाही, बाय. आता गावी जा,” दारात उभा राहून त्याचा एजंट म्हणाला. तोही तिच्यासारखाच रत्नागिरीकडचा होता. सफूरा इथल्या इस्पितळात नर्स होती. तिनं दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या कपड्यांतच नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन तक्रार गुदरली. सुनावणीला एजंट हसतमुखानं आला. समोरच्या ओमानी अधिकारी बाईंनी त्याला विचारलं, “हिनं भाडं थकवलं? कुणाशी भांडली?” “नाही मॅडम, पण घरात पुरुष नाही. बिल्डिंगचं नाव खराब होतं.” “घरात पुरुष हवाच, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? दाखव.” एजंटचं हसू मावळलं. वॉर्डात शिकलेल्या अरबीत सफूरा ठणकावून बोलली, “माझा नवरा गेलाय, माझी अब्रू गेलेली नाही. मी घर सोडणार नाही.” “करार हिच्या नावावर करा. खलास!” बाईंनी हुकूम दिला. बाहेर पार्किंगमध्ये एजंटनं तिला गाठलं. “निदान गावाहून कुणाला तरी सोबतीला बोलावून घे, बाय. मालकाला सांगायला बरं पडेल.” “बोलावलंय ना!” गाडीचं दार उघडत सफूरा म्हणाली. “पुढच्या महिन्यात दाभोळहून माझी सासू येतेय. तीही विधवाच. मालकाला सांगा, आता त्याच्या घरात दोन एकट्या बायका राहणार.”