बुवांच्या गळ्यात चेलो

या, जवळ सरका. पिंपळगाव रेणुकाईची एक गंमत सांगतो. देवळाच्या मंडपात तीन पोरींची तारवाद्यांची मैफल रंगली होती. एकीचं व्हायोलिन, दुसरीचं जरा थोरलं, अन् अर्पिताचा चेलो माणसाएवढा! मध्यंतरात ती तो जमिनीवर ठेवून चहाला गेली. वीणेकरी कल्याणबुवांचा जीव कासावीस झाला. तीस वर्षं सप्ताहात वीणा त्यांच्या गळ्यात. वीणा भुईला टेकली की सप्ताह मोडला! त्यांनी धावत जाऊन चेलो उपरण्यानं गळ्यात बांधला. अर्पिता किंचाळत आली. “बाबा, फुटेल तो!” “आधी पाया पड, माय, मंग घे. जल्दी! लई जड हाये.” ती वाकली. वीणा घेणाऱ्यानं वाकायचं, तसं देणाऱ्यानंही, असा सप्ताहातला रिवाज. बुवा वाकले, तोल गेला, तशी गिरकी घेऊन पाठीवर पडले. छातीवर चेलो शाबूत. “न्हाई टेकला!” बुवा कण्हले. अशी मैफल ऐकाल, तेव्हा त्यांच्या पाठीची आठवण ठेवा.