पाळीपाळीने

"आमच्या घरचंच उदाहरण देते," मॅडम म्हणाल्या, तशी कंटाळलेल्या वर्गाने मान वर केली. "आमचे बाबा एकटे राहतात. दिवसातून चार-पाचदा फोन करायचे, आणि दर वेळी मलाच. दादा मोकळा, धाकटी मोकळी, आणि मधलीच्या डोक्यावर सगळा भार. शेवटी मी त्यांच्या फोनवर एक बटण बसवून दिलं. ते दाबलं की फोन पाळीपाळीने जातो. आधी दादा, मग धाकटी, मग मी. लोड बॅलन्सर म्हणजे तरी दुसरं काय? येणाऱ्याला बघायचं आणि ज्याची पाळी त्याच्याकडे पाठवायचं."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. त्या बटणाचा त्यांना मनापासून अभिमान होता. हल्ली तर शिकवताना टेबलावरचा फोन थरथरतसुद्धा नसे.

कॉम्प्युटर नेटवर्कच्या या वर्गात नावांपेक्षा नोकऱ्याच जास्त चालत. बँकेचं नेटवर्क सांभाळणारा तो बँकवाला, हॉस्पिटलचं सांभाळणारी ती हॉस्पिटलवाली. आजचा सराव सोपा होता. कपड्यांचं एक खोटं दुकान, ते चालवणारे तीन सर्व्हर, आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर. तो बसवायचा बँकवाल्याने. बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून गिऱ्हाईक व्हायचं.

बँकवाला म्हणजे घोड्यावर बसूनच आलेला माणूस. मॅडमनी पाणी पिऊन बाटली खाली ठेवेपर्यंत त्याचं झालंसुद्धा. "बघा मॅडम! तिन्ही रेघा एकावर एक. केसाचा फरक नाही!"

पडद्यावर खरोखरच तिन्ही सर्व्हरवरच्या भाराच्या रेघा एकमेकींना चिकटून धावत होत्या. मॅडमनी शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या रेघा, तशाच चिकटलेल्या, हळूहळू खाली उतरू लागल्या. उतरता उतरता तळाला टेकल्या.

"समसमानच आहेत," बँकवाला जरा हळू म्हणाला.

"असणारच. दुकानात कुणी आहे कुठे?" हॉस्पिटलवालीने माउस बाजूला सारला. "मी एक शर्ट पिशवीत टाकला, पुढे गेले, तर पिशवी रिकामी. परत टाकला, परत रिकामी. दर वेळी नवीनच सर्व्हर भेटतो, आणि त्याला माझं काही ठाऊकच नसतं. किती वेळा पहिल्यापासून सांगायचं माणसाने? मी आपली उठून गेले."

मॅडमच्या हातातला खडू, म्हणजे फळ्यावर लिहायचं ते पेन, तसाच हवेत राहिला. इतकी वर्षं खडूने शिकवलं होतं, त्यामुळे गडबडल्या की त्यांना तो खडूच वाटे.

"मॅडम?" बँकवाल्याने विचारलं.

"हं. एक खूण करायची राहिलीय तुमची." त्यांनी पुढे होऊन पडद्यावरची ती चौकट दाखवली. "ज्याचं काम ज्याच्याकडे अर्धं राहिलंय, त्याला परत त्याच्याकडेच पाठवायचं. पाळी कुणाची का असेना."

बँकवाल्याने खूण केली, पण त्याचं समाधान झालं नाही. "असं केलं तर एखाद्यावरच भार जास्त पडेल की."

"पडतो," मॅडम म्हणाल्या. "चहा घेऊन या सगळे."

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी दादाला मेसेज करून विचारलं, बाबांचा फोन आला होता का? दादाचं उत्तर लगेच आलं. नाही गं, बऱ्याच दिवसांत नाही, मला वाटलं तुला करत असतील. धाकटीचंही तेच. ती म्हणाली, मला वाटलं दादाला करत असतील.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मॅडमना स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी लगेच बाबांचा नंबर लावला.

"कोण?" बाबांनी विचारलं. "आज कुणाची पाळी?"

"मी, बाबा. मधली."

"अगं, वर्ग चालू असेल ना तुझा? माझं बरं आहे सगळं. जेवलो, औषध घेतलं. ठेव तू."

"फोन का नाही केलात?"

"सुरुवातीला केला होता की. दादा चांगला ऐकतो गं, नाही असं नाही. पण त्याला आधी वरच्या मजल्यावर कोण राहतं इथपासून सांगावं लागतं. तेवढ्यात त्याची मीटिंग येते. परत बटण दाबावं तर धाकटी. तिला परत वरचा मजला." ते हसले. "गोष्ट काही पुढे सरकेना. म्हटलं जाऊ दे, एवढं काय मोठं आहे त्यात."

बाहेर चहाचे कप वाजत होते. बँकवाल्याने दारातून डोकावून पाहिलं. मॅडमनी त्याला हातानेच थांब म्हटलं.

"बाबा, वरचे काका साठीला आल्यावर क्लॅरिनेट शिकायला लागले. दुपारभर तुमची झोपमोड. तुम्ही तीन दिवस दम धरलात, मग स्लिपर घालूनच तणतणत वर गेलात आणि त्यांची बेल वाजवलीत. इथपर्यंत सांगून झालंय. पुढे काय झालं?"

त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"तुझ्या लक्षात आहे?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही बेल वाजवलीत, बाबा. दार कुणी उघडलं?"

"थांब," बाबा म्हणाले. "खुर्ची ओढून घेतो."