न निघालेलं आमेन

पातेली वर्तमानपत्रात गुंडाळताना हन्नाचे हात जरा जास्तच जोरात चालत होते. धाकटी बहीण करुणा नवऱ्याला आणि लहानग्या लेकीला घेऊन मिरजेचं घर सोडत होती. वर्षभर मेळघाटात सेवेसाठी. सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलावून प्रार्थना केली, तेव्हा हन्नाच्या तोंडून ‘आमेन’ निघालंच नव्हतं. नर्सिंग तिनं केलं होतं, तिकडे जायचं स्वप्नही तिचंच होतं. पण आई गेली आणि ती पप्पांसाठी थांबली.

“ताई, तिथल्या दवाखान्याला नर्स हवीय,” करुणा म्हणाली. “येशील?”

“आणि पप्पांना कोण बघणार?” हन्ना फटकन बोलली. “तुमचं बरं आहे, उठलात की निघालात.”

खिडकीशी बसलेले पप्पा वळले. “माझा भात मला शिजवता येतो, बाळा. मी तुला कधी थांब म्हटलं होतं?”

त्यांनी खरंच कधी म्हटलं नव्हतं. बहिणीवर जळणं सोपं होतं. आता मात्र थांबायला पप्पांचं कारण उरलं नव्हतं, आणि जायचीच भीती वाटत होती.

“किती थंडी असते गं तिथं?” तिनं हळूच विचारलं.