डाळिंबी खूण

"तेल डिस्ट्रिब्युटरच्या बुडातून गळतंय, वहिनी," जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेले अन्वर मिस्त्री म्हणाले. "रबरी रिंग बदलतो. पण डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी तो कसा बसलाय त्याची खूण करावी लागते, नाहीतर ठिणगीची वेळ चुकून गाडी सुरूच व्हायची नाही."

चिंधीने काळा चिकटा पुसता पुसता ते थांबले. "साहेबांनी खूण करूनच ठेवलीय की."

मंदाकिनीबाईंनी चष्मा सारखा करून वाकून पाहिलं. समोरासमोर दोन बारीक रेघा होत्या, डाळिंबी रंगाच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांची याच रंगाची नेलपॉलिशची बाटली नाहीशी झाली होती आणि त्यांनी धाकट्या नणंदेला नाही नाही ते ऐकवलं होतं. पोर दिवसभर रडत होती. नवरा मात्र पेपरात तोंड खुपसून बसला, आणि पुढे चाळीस वर्षं, अगदी जाईपर्यंत, त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

"खुणेला खूण लावूनच बसवा," म्हणत त्यांनी पदराला हात पुसले आणि नणंदेला फोन लावला.

"शैले, तुझ्या दादाची चोरी सापडली बघ. गाडी सुरू झाली की तुला न्यायला येते."